डंपर प्लेसरचं मूळ कुठलं? नॉक्सव्हिलच्या डेम्पस्टर बंधूंची गोष्ट

महापालिकेची ती गाडी सगळ्यांनी पाहिलेली असते, मागे दोन जाडजूड लोखंडी हात असलेली, चौकातला भरलेला कंटेनर साखळ्या लावून उचलते, पाठीवर घेते आणि निघून जाते. आपल्याकडे तिला डंपर प्लेसर म्हणतात. या प्रकारच्या गाडीचा माग काढत गेलं की आपण पोचतो थेट अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, नॉक्सव्हिल गावी, आणि गंमत म्हणजे ज्या माणसाने हे डोकं लढवलं तो कचऱ्याच्या धंद्यातला नव्हताच, तो खोदकामवाला होता.

जॉर्ज डेम्पस्टर, जन्म 1887. तरुणपणी पनामा कालव्याच्या कामावर होता, तिथे वाफेवर चालणारी खोदाईची मशिनं चालवायचा. परत आल्यावर भावांना घेऊन कंत्राटदारी सुरू केली, रस्ते, रेल्वे, धरणं असली कामं. आता या धंद्यात पैसा कुठे वाया जातो हे कुठल्याही कंत्राटदाराला विचारा. ट्रक उभा असतो, मजूर फावड्याने माती-दगड भरतायत, ड्रायव्हर बिड्या फुंकत बसलाय आणि सगळ्यात महागडी वस्तू म्हणजे ट्रकच बिनकामाचा. डेम्पस्टरने केलं काय, तर ट्रकचा हौदाच ट्रकपासून सुटा केला. पेट्या साइटवर पडून राहतील, मजूर आपल्या वेगाने भरतील, आणि ट्रक फक्त भरलेली पेटी उचलायला येईल. एक ट्रक, एक ड्रायव्हर आणि पेट्या पाहिजे तेवढ्या. माझ्या मते खरा शोध हा हिशोब आहे, हायड्रॉलिक वगैरे त्याच्या मागनं येतं.

1930 च्या दशकात मंदीने बांधकामाची कामं आटली आणि त्याच दशकाच्या मध्यावर भावांनी हे यंत्र पेटंट घेऊन विकायला काढलं, नाव ठेवलं डेम्पस्टर-डंपस्टर, म्हणजे आडनावाला डंप जोडून टाकलं (अमेरिकेत आज कुठल्याही मोठ्या कचरापेटीला डंपस्टर म्हणतात ते यांच्यामुळेच). आधी गिऱ्हाईक होते कारखाने आणि बांधकामवाले, मग शहरांच्या लक्षात आलं की बाजारपेठेच्या मागच्या बोळातला कचराही असाच पेटीत साठवून उचलता येतो. तोवर डबे खांद्यावर घेऊन उघड्या ट्रकमध्ये ओतायचे, निम्मं अंगावर निम्मं रस्त्यावर.

पण या सिस्टीमची एक मोठी गोची होती. गाडी एका वेळी एकच पेटी नेणार, डेपोवर ओतणार, परत आणून ठेवणार, मग दुसरी. डेपो लांब असला की दिवसभर नुसत्या खेपाच, आणि पेटीत निम्मी हवाच भरलेली कारण कचरा दाबलाच जात नाही. दाबायचं तंत्र तोवर दुसरीकडे आलं होतं, डेट्रॉइटकडच्या गार वुड कंपनीने 1938 मध्ये लोड-पॅकर काढला होता, मागून कचरा टाका आणि हायड्रॉलिक पातं तो आत रेटून दाबेल, आजच्या कॉम्पॅक्टरचा हा पूर्वज. कंपनीचा संस्थापक गार वुड म्हणजे स्पीडबोटच्या रेसिंगमधला नावाजलेला माणूस बरं का, कचऱ्याच्या धंद्यात कुठकुठून लोक आलेत बघा.

डेम्पस्टरांनी मग 1950 च्या दशकात या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या, डंपमास्टर. ट्रकच्या पुढे दोन फोर्क, ड्रायव्हर सीटवरूनच ते पेटीच्या बाजूच्या खाचांमध्ये घालतो, पेटी केबिनच्या डोक्यावरून मागे जाते, वरच्या तोंडातून कचरा हौद्यात पडतो, आत प्लेट तो दाबते, आणि रिकामी पेटी परत जागेवर. खाली उतरायची गरज नाही, आणि एका फेरीत कितीतरी पेट्या रिकाम्या करायच्या आणि एकदाच डेपोवर जायचं. फ्रंट लोडर, म्हणजे असा पुढून पेटी उचलणारा ट्रक, धंदा म्हणून खऱ्या अर्थाने चालला तो इथून, आणि आज हाइल किंवा मॅकनीलससारख्या अमेरिकन कंपन्या जे फ्रंट लोडर बनवतात त्यांची चाल तीच.

जॉर्ज डेम्पस्टर या सगळ्यात राजकारणही करत होता, नॉक्सव्हिलचा आधी सिटी मॅनेजर, मग 1952 ते 1955 मेयर, मध्येच 1940 मध्ये गव्हर्नरकीसाठी उभा राहून पडला पण. 1964 मध्ये गेला.

आपल्याकडे रुजला तो एक पेटी उचलणारा प्रकार, कारण गाडी साधी, दुरुस्ती सोपी. हल्ली मात्र बऱ्याच महापालिका कंटेनरमुक्तच्या मागे लागल्यात, कुंडीभोवती कचरा सांडतो, कुत्री-गुरं जमतात म्हणून, तिथे घंटागाडी आणि मागून भरायचे कॉम्पॅक्टर आले. फ्रंट लोडर मात्र आपल्या रस्त्यांवर फारसा दिसत नाही, आणि दिसणार तरी कसा, पेटी केबिनवरून फिरवायची म्हणजे वर मोकळं आभाळ पाहिजे, आणि आपल्या गल्लीत तिथे आधीच केबलच्या वायरी, फ्लेक्स आणि कुणाची तरी बाल्कनी.