गो चं वेन्ट कुठून आलं बुवा?

गो-वेन्ट-गॉन हे आपण सगळ्यांनीच घोकलंय पण वॉक चं वॉक्ड होतं, टॉक चं टॉक्ड होतं, मग गो चं एकदम वेन्ट कसं काय, एक अक्षर तरी जुळायला नको का? हा प्रश्न विचारला की "तसंच असतं, पाठ कर" एवढंच उत्तर मिळायचं. खरं उत्तर फार भारी आहे. वेन्ट हा मुळात गो चा भूतकाळ नाहीच, तो दुसऱ्याच क्रियापदाकडून पळवलेला आहे.

जुन्या इंग्रजीत वेंड नावाचं एक वेगळं क्रियापद होतं, वळणं, जाणं असा अर्थ. सेंड-सेन्ट, बेंड-बेन्ट तसंच वेंड-वेन्ट, अगदी सरळ हिशोब. गो ला स्वतःचा भूतकाळ होता, एओडे असा काहीतरी उच्चार, म्हणजे तोही गो शी न जुळणाराच! मग साधारण 15व्या शतकापर्यंत एओडे मागे पडला आणि त्या रिकाम्या खुर्चीत वेन्ट येऊन बसला. बिचाऱ्या वेंडला मग वेंडेड असा नवा भूतकाळ करून घ्यावा लागला आणि आता तो वेंड युअर वे अशा एखाद्या ठरीव प्रयोगातच दिसतो.

याला भाषाशास्त्रात सप्लीशन म्हणतात. आणि इंग्रजीला हसण्याआधी जरा आपल्याकडे बघा. जातो, जाईन, जा... आणि भूतकाळ? गेला! जाला का नाही? कारण जा आलाय संस्कृत 'या' धातूपासून आणि गेला आलाय 'गम्' च्या 'गत' पासून. म्हणजे सेम केस. आयुष्यभर जातो-गेला बोलतो आणि कधी खटकत पण नाही.

हे टिकतं कसं याचं उत्तर वापरात आहे. 2007 मध्ये नेचर मासिकात हार्वर्डच्या काही संशोधकांचा एक पेपर आला होता, त्यांनी जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं घेतली आणि त्यांचं पुढे काय झालं ते पाहिलं. मध्ययुगीन इंग्रजीपर्यंत त्यातली 145 अनियमित राहिली आणि आज 98. बाकीची एड लावून सरळ झाली, उदा. हेल्प चा भूतकाळ एकेकाळी होल्प होता. गंमत अशी की जे क्रियापद 100 पट कमी वापरलं जातं ते 10 पट वेगाने सरळ होतं. साहजिक आहे, क्वचित लागणारं रूप आठवत नाही मग माणूस नियम लावून मोकळा होतो. लहान मुलं हेच करतात, इंग्रजी मुलं गोड म्हणतात (आपलं गोड नाही, गो ला ड लावलेलं) आणि मराठी मुलं "मी करलं" म्हणतात. ही चूक फार हुशारीची आहे बरं का, कारण करलं असं घरात कोणीच बोलत नाही, म्हणजे पोरानं नियम स्वतः शोधून काढलेला असतो. पण वेन्ट आणि केलं दिवसातून इतक्या वेळा कानावर पडतात की नियम शेवटी हरतो.

जास्त वापराचा दुसरा परिणाम अर्थावर होतो. आपलंच बघा, लाईट जाते, जीव जातो, तडा जातो, दूध वाया जातं, वेळ जात नाही, कोणाला दिवस जातात, आणि करायला गेलो गणपती झाला मारुती यात तर कोणी कुठेच गेलेलं नसतं. इंग्रजीतही गो बॅड, गो मॅड, गो ब्लाइंड, बहुतेक बिघाडाकडेच ओढा. पण सगळीकडे आपला जा लावला की फजिती होते. द लाइट्स वेन्ट ऑफ म्हणजे दिवे गेले, बरोबर. द अलार्म वेन्ट ऑफ म्हणजे? मी कित्येक वर्षं समजत होतो की अलार्म बंद पडला. तो तर वाजला होता! बॉम्ब गोज ऑफ म्हणजे पण फुटला, आणि ब्रिटिश माणूस द मिल्क हॅज गॉन ऑफ म्हणाला तर दूध नासलंय. तसंच ही हॅज गॉन टू लंडन म्हणजे गेलाय आणि अजून परतला नाहीये, जाऊन आला असेल तर तिथे गॉन चालत नाही, हॅज बीन टू म्हणावं लागतं.

सगळ्यात लांब गेलाय तो गोइंग टू. आधी त्याचा अर्थ खरंच काहीतरी करायला चालत निघालोय असा होता. पण करायला निघालेला माणूस ते पुढे करणार हे आलंच, म्हणून हळूहळू चालणं गळून पडलं आणि फक्त 'पुढे करणार' उरलं. आता इट इज गोइंग टू रेन म्हणतात, पाऊस कुठे निघालाय? घासून घासून त्याचं गॉना पण झालं. मात्र हे घासणं फक्त भविष्यकाळाच्या अर्थातच चालतं. आय अ‍ॅम गॉना स्लीप सर्रास ऐकू येईल पण आय अ‍ॅम गॉना लंडन असं कोणीच म्हणत नाही, तिथे पाय खरोखर हलणार असतात ना, म्हणून अख्खं गोइंग टू लागतं.