कोकमतेल, खोबरेल आणि उंडी : कोकणच्या तीन तेलांची पार्श्वभूमी

पौषातल्या पहाटे कोकणात खोबरेल तेल बाटलीत थिजतं आणि त्याच सुमारास फडताळातला कोकमतेलाचा गोळा बाहेर निघतो. एक डोक्याला, दुसरं टाचांना. खरूज, सांधेदुखी असली की तिसरं, उंडीचं. आज दुकानात 'नैसर्गिक', 'वनस्पतिजन्य' अशा चिठ्ठ्या लावलेल्या डब्यांच्या रांगा लागतात, पण किनाऱ्यावरच्या माणसाला ही तेलं कुठल्या जाहिरातीने शिकवली नाहीत. तिघांचीही वाट मात्र वेगळी. खोबरेलाची कहाणी सगळ्यांना थोडीफार ठाऊक असते. कोकमतेलाची फारशी कोणी सांगत नाही, म्हणून इथे तिला जास्त जागा दिली आहे.

नारळ या किनाऱ्यावर किती जुना, याचा पुरावा दगडात कोरलेला आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपान या क्षत्रपाचा जावई उषवदात याचे लेख आहेत, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचे. एका लेखात नानंगोल गावातली ३२,००० नारळाची झाडं दान दिल्याची नोंद आहे, आणि दान घेणाऱ्यांत शूर्पारकचा, म्हणजे आपल्या सोपाऱ्याचा संघही आहे. दुसऱ्या लेखात चिखलपद्र गावच्या ८,००० झाडांचा उल्लेख येतो. नानंगोल म्हणजे डहाणूच्या उत्तरेचं नारगोळ, असं अभ्यासक मानतात. उत्तर कोकणात तेव्हा नारळाची लागवड दान देण्याइतकी मोठी होती, हे यावरून कळतं. दान झाडांचं होतं, तेलाचं नव्हे. अंगाला लावायचं शास्त्रातलं तेल त्या काळी तिळाचं. वाग्भटाने अष्टांगहृदयात रोज अभ्यंग करावा असं सांगितलं आणि डोकं, कान व पाय यांना तो विशेष करावा, असंही जोडलं. कोकणातल्या घरांनी हा नियम पाळला, फक्त तेलं आपल्या परसातली घेतली.

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीत ही अदलाबदल अजून दिसते. देशावर सुगंधी तेल आणि उटणं लागतं. दक्षिण कोकणात बऱ्याच घरी ओलं खोबरं वाटून काढलेला रसही अंगाला चोळतात, मग तुळशीपाशी कारीट फोडायचं. नारळाचा रस हे तेलाचंच कच्चं रूप आहे. तोच रस मंद आचेवर आटवत नेला की पाणी उडून जातं, चोथा तांबूस होतो आणि वर स्वच्छ तेल सुटतं. तान्ह्या बाळाच्या मालिशीसाठी हे घरी काढलेलं तेल मुद्दाम राखून ठेवत. दुकानात आज 'व्हर्जिन' म्हणून महाग विकलं जाणारं खोबरेल हे याच ओल्या खोबऱ्याच्या पद्धतीचं थंड आणि यांत्रिक रूप.

दुसरी पद्धत घाण्याची. खोबरं वाळवायचं, लाकडी घाण्यात घालायचं, बैल फिरवायचा. हा धंदा तेल्यांचा, आणि रायगडच्या किनाऱ्यावर त्यांच्यात एक समाज असा होता ज्याचा उल्लेख केल्याशिवाय कोकणातल्या तेलाचा इतिहास पुरा होत नाही. बेने इस्रायल, म्हणजे अलिबागजवळ नवगावला आपल्या पूर्वजांचं जहाज फुटलं असं परंपरेने सांगणारे मराठी भाषक ज्यू, पिढ्यान्‌पिढ्या घाणा चालवत. शनिवारी ते घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. सोमवारी थांबणारे ते सोमवार तेली. किनाऱ्यावरच्या खेड्यात दिव्याला, फोडणीला आणि डोक्याला लागणारं तेल एकाच घाण्यावरून येई. खायचं तेल निराळं आणि लावायचं निराळं, ही फोड तेव्हा नव्हती.

कोकमतेल मात्र सहसा घाण्यावर गेलं नाही. त्यामुळे ते हिशेबाच्या वह्यांत आणि कराच्या यादीत फारसं सापडत नाही. बायकांनी अंगणात केलेली वस्तू, घरात वापरली गेली, फार तर शेजारी दिली गेली.

कोकमाचं झाड सह्याद्रीचं स्वतःचं. पश्चिम घाटाच्या पावसाळी उतारांवर आणि कोकण, गोवा, कानडा पट्ट्यात ते आपोआप उगवतं. त्याच्याबद्दलची एक फार जुनी युरोपीय नोंद गोव्यात छापली गेली. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचं भारतीय औषधींवरचं पुस्तक १५६३ साली गोव्यात निघालं. त्यात 'ब्रिंदाँव', म्हणजे गोव्यात ज्याला भिरंड म्हणतात ते कोकम, येतं. फळ आंबट आहे, रंगवायला वापरतात, सालीचा व्हिनेगरसारखा उपयोग होतो, एवढं तो लिहितो. तेलाबद्दल अवाक्षर नाही. ते स्वाभाविकही आहे, कारण साल बाजारात येत होती आणि बी घरात राहत होती.

बियांतल्या तेलाला युरोपच्या औषधी ग्रंथांत जागा मिळायला आणखी तीनशे वर्षं जावी लागली. १८७४ साली लंडनमध्ये फ्लुकिगर आणि हॅनबरी यांचा औषधी द्रव्यांवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात 'कोकम बटर'वर स्वतंत्र टिपण आहे. ते सांगतात की हे तेल गोव्यात चांगलं परिचयाचं आहे आणि तुपात भेसळीसाठी वापरलं जातं. एका अस्सल वस्तूची ओळख जगाला अशी भेसळीच्या वाटेने व्हावी, याचं वाईट वाटतं. पण मलमाचा आधार म्हणूनही या तेलाकडे औषधी जगाचं लक्ष गेलं.

घरची कृती तशी साधी दिसते, पण हात बसायला वेळ लागतो. एप्रिल-मेमध्ये रातांबे, म्हणजे कोकमाची पिकलेली फळं, उतरवतात. फळं फोडून साली वेगळ्या काढायच्या. त्या रसात भिजवून उन्हात वाळवायच्या, पुन्हा भिजवायच्या, पुन्हा वाळवायच्या, तेव्हा आमसूल होतं. मधल्या गरात पाच ते आठ बिया असतात. गर चोळून त्या धुवायच्या आणि पाऊस येण्याआधी कडकडीत वाळवायच्या. ओल राहिली तर बुरशी येते आणि तेलाला कायमचा वास लागतो. मग सवडीने बिया फोडून टरफल पाखडायचं, आतला मगज कुटून बारीक करायचा आणि पाण्यात घालून चुलीवर कढवायचा. चरबी सुटून वर तरंगते. ती गार होत असताना घट्ट व्हायला लागली की पळीने काढायची, हाताने दाबून पाणी निथळायचं आणि मुठीत वळून गोळे करायचे. दक्षिण कोकणात याला मुठेल म्हणतात. घरचा गोळा करडा-पिवळट असतो, दगडासारखा कडक, नखाने खरवडला तर भुगा पडतो. वर्षभर कोनाड्यात ठेवला तरी बिघडत नाही.

टाचांवर ते का चालतं, याचं उत्तर त्याच्या घडणीत आहे. या तेलात निम्म्याहून अधिक स्टिअरिक आम्ल आणि एक तृतीयांशाहून जास्त ओलिक आम्ल असतं. त्यामुळे ते साधारण ३८ ते ४२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतं. खोबरेल २४-२५ अंशांनाच पातळ होतं. म्हणजे खोबरेल भेगेत घातलं तर ओघळून जातं. कोकमतेल दिव्यावर पातळ करून भेगेत सोडलं की शरीराच्या उष्णतेला ते पुरतं वितळत नाही, आत थिजून बसतं. भेग बंद होते, ओलावा टिकतो, चालताना चीर ओढली जात नाही, आणि त्वचेला स्वतःहून भरून यायला उसंत मिळते. जांभ्याच्या कातळावर अनवाणी चालणाऱ्या आणि लावणीच्या दिवसांत तासन्‌तास चिखलात उभ्या राहणाऱ्या पायांना नेमकं हेच हवं होतं. फुटलेल्या ओठांना आणि भांडी घासून उललेल्या बोटांनाही ते लावत आले. केसांना मात्र कोणी लावत नाही, आणि लावूही नये. ते टाळूवर मेणासारखं बसतं.

उंडीचं तेल या दोघांपेक्षा रांगडं. पुळणीलगत, खाऱ्या वाऱ्यात उंडीची झाडं उभी असतात. वटवाघळं फळं खाऊन झाडाखाली बिया टाकतात आणि सकाळी त्या वेचायच्या. वाळलेल्या मगजात तेल भरपूर, निम्म्याहून अधिक. पण ते हिरवट काळं, दाट, कडू आणि उग्र वासाचं, खाण्याला निरुपयोगी. म्हणून त्याचा पहिला उपयोग दिव्यात आणि होडीच्या लाकडाला. तेच तेल खवडे, खरूज आणि आखडलेल्या सांध्यांना चोळलं जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रॉकेल गावोगाव पोचलं आणि उंडीच्या, करंजाच्या दिव्यांचं काम संपलं. दिव्यासाठी तेल काढणं थांबलं तसं अंगाला लावण्यापुरतं काढणं कोणाला परवडेना. पुढे लाकडी होड्यांची जागा फायबरने घेतली आणि उरलेला आधारही गेला. याच झाडाला ताहितीत तामानू म्हणतात. त्या नावाने याच जातीचं तेल आज जगभर व्रणांवर आणि मुरमांवर लावायला विकलं जातं, आपल्याकडे मात्र उंडीच्या बिया वाळूत पडून राहतात. ज्यांना हे तेल वापरायचं आहे त्यांनी आधी कोपराच्या आत थेंबभर लावून दिवसभर थांबावं. त्यात राळेसारखे पदार्थ असतात आणि काहींच्या कातडीला ते सोसत नाहीत.

खोबरेलाचं नशीब या दोघांहून उलटं निघालं. ते घरातून कारखान्यात गेलं आणि तिथे टिकलं. कोकणचा नारळ बराचसा स्वयंपाकात आणि शहाळ्यात संपतो, तेलाचं खोबरं मुख्यतः केरळ-तामिळनाडूचं. मुंबईत मारीवाला कुटुंबाच्या बॉम्बे ऑइल इंडस्ट्रीजने पॅराशूट हे नाव रुजवलं, १९९० मध्ये हा धंदा मॅरिको या कंपनीकडे आला. मोठ्या पत्र्याच्या डब्यांची जागा निळ्या प्लास्टिकच्या बाटलीने घेतली. उंदीर कोपरे कुरतडतात म्हणून ती गोल करण्यात आली. किनाऱ्यावरच्या घरात त्यानंतर स्वतः तेल काढण्याचं कारण उरलं नाही. माका, जास्वंद, ब्राह्मी घालून उकळायलाही बाटलीतलंच तेल येऊ लागलं. (तेलात पाला घातल्यावर तडतड पूर्ण थांबेपर्यंत मंद आचेवर ठेवायचं, ही आज्यांची खूण शंभर टक्के बरोबर आहे. पाणी राहिलं तर तेल खवट होतं.)

केसांवर खोबरेल खरंच काम करतं का, याची तपासणी २००३ साली प्रसिद्ध झाली. मॅरिकोच्याच मुंबईतल्या संशोधकांनी खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची तुलना केली. धुण्याआधी किंवा नंतर लावलेल्या खोबरेलाने केसांतून होणारी प्रथिनांची गळती कमी झाली, बाकी दोघांनी नाही. कारण असं मांडलं गेलं की खोबरेलातलं मुख्य लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचं असल्याने केसाच्या आत शिरतं. अभ्यास तेल विकणाऱ्यांचा होता हे ध्यानात ठेवलं पाहिजे. तरीही न्हाण्याआधी तेल लावण्याच्या आपल्या सवयीला त्यातून पटण्याजोगं स्पष्टीकरण मिळालं, असं मला वाटतं.

खायचं की लावायचं, हा प्रश्न शेवटी न्यायालयात गेला. लहान बाटलीतलं खोबरेल हे खाद्यतेल धरून कमी कर लावायचा की केसांचं तेल धरून जास्त, यावर उत्पादक आणि करखातं वर्षानुवर्षं भांडत होते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी मोठ्या पीठाने निकाल दिला : बाटली लहान आहे एवढ्यावरून ते केसांचं तेल ठरत नाही. जीएसटीत हा फरक ५ आणि १८ टक्क्यांचा होता, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये केसांच्या तेलावरचा करही ५ टक्क्यांवर आला. घाण्यावरून एकाच भांड्यात तेल आणणाऱ्या बाईला हा वाद कळला नसता.

कोकमतेलाकडे जगाचं लक्ष पुन्हा वळलं ते चॉकलेटमुळे. युरोपीय संघाने २००० सालच्या नियमात कोकोच्या लोण्याशिवाय सहा वनस्पतींच्या चरबीला चॉकलेटमध्ये ५ टक्क्यांपर्यंत परवानगी दिली. त्या सहांत आंब्याची कोय आहे, साल वृक्षाची बी आहे आणि कोकमही आहे. सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यालाही हाताला न चिकटणारी, तापमानाला टिकणारी ही चरबी आवडली. इकडे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातीस' या जाती दिल्या. २०१६ मध्ये सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं. पण बोलणं सरबताचं, आगळाचं, आमसुलाचंच होतं. बी पोत्यात भरून व्यापाऱ्याकडे जाते, द्रावकाने तेल काढून शुद्ध होते आणि पांढरीशुभ्र, बिनवासाची होऊन मुंबईच्या दुकानात काचेच्या डबीत परत येते. बी वेचणाऱ्या, वाळवणाऱ्या हाताला त्यातलं फार थोडं मिळतं.

काही गावांत बचत गटांच्या बायका आता त्याच चरबीपासून ओठांचं मलम आणि साबण करतात. त्यांच्यापुढची अडचण तेल काढण्याची नसून रंगाची आहे. गिऱ्हाईक करडा गोळा पाहून नाक मुरडतं. पण बी नीट वाळलेली असेल तर करड्या आणि पांढऱ्या गोळ्यातली चरबी एकच, वितळायचं तापमान तेच, आणि टाचेच्या भेगेत दोन्ही सारखीच बसतात.