वेव्हरवरून उचललेला: काढून टाकलेल्या खेळाडूमागची जुनी गोष्ट

सध्या आपल्या सकाळच्या ग्रुपमध्ये एकच विषय चाललाय. एका टीमनं लिस्टमधून काढलेला पोरगा दुसऱ्या टीमकडून खेळायला लागला आणि तिथं एकदम चमकला, त्यावरून रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कोर्टाबाहेर पोहे खाता खाता रोज वाद. कोणी म्हणतं नशीब, कोणी म्हणतं जुन्या कोचला पारख नव्हती, आणि मग हमखास कोणीतरी न्यूयॉर्कवाल्या हार्वर्डच्या गार्डचं, म्हणजे जेरेमी लिनचं उदाहरण देतं, २०१२ चं. ते देताना जवळजवळ सगळेच "त्याला ट्रेड केला होता ना" किंवा "फ्री होता म्हणून घेतला" असं बोलून जातात. दोन्ही चूक आहे, त्याला वेव्हरवरून उचललं होतं, म्हणजे एका टीमनं काढलेला, तो दुसरीनं आहे त्या करारासकट घेतला. ही बारीकशी चूक नाहीये, त्याच्या पुढच्या सगळ्या पैशाची गोष्ट त्या एका शब्दावर उभी आहे, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

फार मागचं थोडक्यात. अमेरिकेत, तिथल्या एनबीए या मोठ्या बास्केटबॉल लीगमध्ये, कितीतरी वर्षं करार संपला तरी खेळाडू त्याच टीमच्या नावावर राहायचा, टीम सोडेल तेव्हाच सुटका. खेळाडूंनी १९७० मध्ये केस टाकली, १९७६ मध्ये समझोता झाला, आणि अनुभवी खेळाडूला खरंच मोकळं होऊन हवं तिथं जाता यायला १९८८ उजाडलं. मधे १९८४-८५ च्या सीझनपासून सॅलरी कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगारावरची मर्यादा आली. कॅप आल्यावर खेळाडू काढायचं एक नवीनच कारण तयार झालं, तो खेळतो कसा याच्याशी ज्याचा काही संबंध नाही. दुसऱ्या कोणाला तरी आणायचंय आणि हिशोबात जागा हवीये, एवढंच. हे पुढं परत परत येणार आहे.

न्यूयॉर्कचीच आधीची एक गोष्ट मला फार आवडते. १९८८ च्या ड्राफ्टमध्ये (टीमांनी नंबरानं नवीन खेळाडू निवडायचा कार्यक्रम) कोणीच न घेतलेला एक गार्ड, जो त्याआधी किराणा दुकानात गिऱ्हाइकांचं सामान पिशव्यांत भरायचं काम करून आलेला, तो ओकलंडच्या टीमकडून एक सीझन खेळून बाहेर पडला आणि छोट्या लीगांमध्ये फिरत राहिला. १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या प्रॅक्टिसमध्ये त्यानं टीमच्या मुख्य सेंटरच्या डोक्यावरून डंक मारायला उडी घेतली, सेंटरनं त्याला खाली आपटलं, गुडघा गेला. पण जखमी खेळाडूला काढता येत नव्हतं. डिसेंबर संपेपर्यंत बरा झाला नाही म्हणून टीममध्ये राहिला, आणि १९९४ मध्ये तोच ऑल-स्टार.

मग डेट्रॉइटची २००४ ची चॅम्पियन टीम. तिचा पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल आणून खेळ चालवणारा, १९९७ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या नंबरवर निवडलेला, पण बॉस्टननं ५१ मॅचमध्ये त्याला दुसरीकडे पाठवून दिला, पुढची चारेक वर्षं तो टीमा बदलत राहिला, २००२ मध्ये डेट्रॉइटला आला आणि २००४ च्या फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच टीमचा सेंटर १९९६ मध्ये ड्राफ्टच न झालेला, आणि २००० मध्ये डेट्रॉइटचा स्टार टीम सोडून गेला तेव्हा बदल्यात आलेला, पुढं चार वेळा लीगचा सर्वोत्तम डिफेंडर. समोर लॉस एंजेलिसची सगळी मोठी नावं असताना ४-१. यातला पॉइंट गार्ड लक्षात ठेवा.

आता मूळ विषय. २०११ मध्ये लीग आणि खेळाडूंचं जमलं नाही, १६१ दिवस सगळं बंद राहिलं आणि सीझन ८२ ऐवजी ६६ मॅचचा झाला. हार्वर्डचा गार्ड २०१० मध्ये ड्राफ्टमध्ये कोणी घेतला नव्हता, ओकलंडच्या टीमनं स्वतःहून सही करून घेतला आणि पहिल्या वर्षी २९ मॅच खेळवला. ९ डिसेंबर २०११, कॅम्पचा पहिला दिवस, त्याच दिवशी त्याला काढलं. का? तर दुसऱ्या टीमच्या एका सेंटरला मोठी ऑफर द्यायची होती आणि कॅपमध्ये जागा करायची होती. त्या सेंटरच्या जुन्या टीमनं ऑफर मॅच केली, म्हणजे तेवढेच पैसे देऊन त्याला ठेवून घेतलं, तो आलाच नाही, गार्ड मात्र गेला. १२ डिसेंबरला ह्यूस्टननं उचलला, २४ डिसेंबरला त्यांनीही काढला, तिथंही एका सेंटरसाठीच जागा हवी होती. २७ तारखेला न्यूयॉर्कनं उचलला, कारण त्यांचा एक गार्ड पहिल्याच मॅचमध्ये जखमी झालेला.

आणि न्यूयॉर्कला गार्ड का कमी होते? तर त्यांनीही महागडा सेंटर आणण्यासाठी त्याच डिसेंबरमध्ये आपला पॉइंट गार्ड काढला होता. कोण? डेट्रॉइटवाला, २००४ चा. त्याच्या जागी घेतलेला अनुभवी गार्ड पाठीच्या दुखण्यानं बसलेला. म्हणजे एका काढलेल्याची रिकामी जागा दुसऱ्या काढलेल्याला मिळाली. हे कोणी सांगतच नाही, सगळे फक्त सोफ्याची गोष्ट सांगतात, तो भावाच्या घरी सोफ्यावर झोपायचा ती.

जानेवारीत त्याला छोट्या लीगच्या टीमकडे पाठवलं, तिथं २० तारखेला एका मॅचमध्ये २८ पॉइंट, ११ रिबाउंड, १२ असिस्ट. १० फेब्रुवारीच्या आत ठेवायचं की काढायचं ते ठरवायचं होतं, त्यानंतर करार पक्का होणार होता. ४ फेब्रुवारीला न्यू जर्सीविरुद्ध बेंचवरून आला आणि २५ पॉइंट मारले. आपल्याकडे तेव्हा रविवार सकाळ, सहा वाजून गेलेले. मी रामबागेत घरी, अंगावर गोधडी, डोंगलचं नेट, स्कोरचं पान उघडायला मिनिट लागायचं, दर वेळी उघडलं की त्याच्या नावापुढचा आकडा वाढलेला. आईनं ठेवलेला चहा तसाच गार. मग २८, २३, लॉस एंजेलिसविरुद्ध ३८, २०, टोरोंटोला २७ आणि अर्धा सेकंद राहिला असताना विजयाचा थ्री (लांबून मारलेला तीन पॉइंटचा शॉट), मग १० पॉइंट पण १३ असिस्ट. सात मॅच, सात विजय, आणि त्याआधी टीम होती ८-१५, म्हणजे ८ विजय आणि १५ पराभव. सुरुवातीपासून उतरलेल्या पहिल्या पाच मॅचमध्ये १३६ पॉइंट, दोन लीग एकत्र आल्यापासून, म्हणजे १९७६-७७ पासून, इतके कोणाचेच नव्हते.

खेळ काही जादूचा नव्हता. दोघे स्टार बाहेर होते, एकाच्या घरी भाऊ वारला होता, दुसरा जखमी, त्यामुळं बॉल त्याच्याच हातात. कोचची पद्धत पिक अँड रोलची, म्हणजे एकानं अंगानं स्क्रीन लावून समोरच्या डिफेंडरला अडवायचं आणि मग रिंगकडे पळायचं. तो पळणारा सेंटर कोण, तर ज्याच्यासाठी जुना पॉइंट गार्ड काढला तोच. कोपऱ्यात थ्री मारायला उभा असलेला खेळाडूही त्याच डिसेंबरमध्ये सॅन अँटोनियोनं काढलेला, त्यानं त्या सीझनला थ्रीमध्ये ४७.२ टक्क्यांनी अख्ख्या लीगमध्ये पहिला नंबर काढला. मार्चअखेर आमच्या गार्डचा गुडघा गेला, ऑपरेशन, सीझन संपला. एकूण ३५ मॅच.

इथून खरी गुंतागुंत. वेव्हर म्हणजे टीमनं काढलं की खेळाडू लगेच मोकळा होत नाही, ४८ तास लटकलेला असतो. तेवढ्या वेळात कोणतीही टीम त्याला क्लेम करू शकते, एकापेक्षा जास्त टीमांनी मागितला तर ज्यांचं रेकॉर्ड वाईट त्यांचा नंबर आधी. क्लेम झाला की आहे तोच करार, आहे त्याच पगाराचा, नव्या टीमकडे जातो. त्याला कोणी विचारत नाही. कोणीच उचललं नाही तर तो फ्री एजंट. डेट्रॉइटवाल्याला ज्यानं काढलं त्याला अॅम्नेस्टी म्हणायचे, त्यात पगार टीम देत राहायची पण कॅपमधून वजा व्हायचा, आणि दुसऱ्या टीमा थोड्या पैशांची बोली लावून उचलू शकायच्या. लॉस एंजेलिसच्या दुसऱ्या टीमनं त्याला सुमारे २० लाख डॉलरला उचलला, त्याची इच्छा नसताना.

आता हक्क. टीम कॅपच्या वर गेली असली तरी आपल्याच जुन्या खेळाडूला जास्त पगार देऊन ठेवू शकते. तीन वर्षं सलग असला तर पूर्ण हक्क, दोन वर्षं असला तर थोडे कमी, त्याला अर्ली बर्ड म्हणतात. टीम बदलली तर घड्याळ शून्यावर, पण ट्रेड झाला तर शून्यावर नाही, कारण ट्रेडमध्ये खेळाडूनं काही ठरवलेलं नसतं. मग वेव्हरवरून उचलला तर? लीग म्हणाली शून्यावर. खेळाडूंची युनियन म्हणाली की करार तोच, पगार तोच, नकार द्यायची सोय नाही, मग हा ट्रेडपेक्षा वेगळा कसा? चार खेळाडूंचा प्रश्न होता, त्यात आमचा गार्ड, कोपऱ्यातला शूटर आणि डेट्रॉइटवाला हे तिघं. २२ जून २०१२ ला लवादानं युनियनच्या बाजूनं निकाल दिला. लीगनं अपील केलं, मग तडजोड झाली, साध्या वेव्हरवर अर्ली बर्डचे हक्क टिकतात, पूर्ण हक्क फक्त अॅम्नेस्टीवाल्याला.

माझं मत स्पष्ट आहे, लवाद बरोबर होता आणि तडजोड अर्धवट झाली. काही लोक म्हणतात की हक्क तर टीमचा, खेळाडूला काय? अरे, जी टीम तुला ठेवायला तयार आहे तिचेच हात नियमानं बांधले तर तुझा भाव कोण वाढवणार? साडेसात लाख डॉलरच्या थोडं वर पगार होता त्याचा. हे हक्क नसते तर न्यूयॉर्कला फक्त किरकोळ वाढ देता आली असती किंवा दुसऱ्या कोणासाठी राखलेला पैसा वापरावा लागला असता. याच प्रकारचा घोळ २००३ मध्ये झाला होता, ओकलंडनंच दुसऱ्या राउंडमध्ये घेतलेला एक गार्ड वॉशिंग्टननं मोठी ऑफर देऊन नेला आणि ओकलंडला ती मॅचच करता आली नाही. त्यावरून २००५ मध्ये नियम आला की अशा खेळाडूला बाहेरची टीम पहिल्या वर्षी एका मर्यादेपर्यंतच देऊ शकते, तेव्हा ती साधारण ५० लाखांची होती. तिसऱ्या वर्षी मात्र आकडा उडी मारू शकतो.

ती उडी मारली कोणी? ह्यूस्टननं, ज्यांनी डिसेंबरमध्ये काढला होता. तीन वर्षं, २.५१ कोटी डॉलर, पहिली दोन वर्षं ५० लाखांच्या आसपास आणि तिसरं जवळजवळ दीड कोटी. तिसऱ्या वर्षापर्यंत नवीन, चढत्या दराचा लक्झरी टॅक्स (पगारावर फार खर्च करणाऱ्या टीमला लीगचा दंड) लागू होणार होता, म्हणजे न्यूयॉर्कला तो आकडा कितीतरी पटीनं पडला असता. १७ जुलैला त्यांनी मॅच न करायचं ठरवलं. हक्क मिळवून दिले, वापरले नाहीत. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. २०१४ मध्ये ह्यूस्टननं त्याला पुन्हा घालवला, दुसऱ्या टीमकडे पाठवून दिला, वर ड्राफ्टमधला एक पहिल्या राउंडचा पिक (निवडीचा हक्क) देऊन, कारण एका मोठ्या खेळाडूसाठी कॅपमध्ये जागा हवी होती. तोही खेळाडू आला नाही. २०१९ मध्ये अटलांटानं सोडल्यावर टोरोंटोनं घेतला, तिथं चॅम्पियनच्या टीममध्ये होता, फायनलमध्ये जेमतेम मिनिटभर खेळला, तेही ओकलंडला, जिथून त्याची सुरुवात झाली होती तिथंच.

आपल्याकडे वेव्हर नावाची गोष्टच नाही. आपल्याकडे एनओसी आहे, जुन्या टीमनं द्यायचं ना-हरकत पत्र. आपल्या पोराचं नाव जुन्या टीमनं ऑगस्टमध्ये लिस्टमधून काढलं आणि कागद एप्रिलमध्ये दिला, मधले आठ महिने तो ना इकडचा ना तिकडचा, आणि त्याला विचारायला कोणी लवाद नव्हता. त्या आठ महिन्यांत तो रोज साडेपाचला येऊन भिंतीकडच्या रिंगवर एकटा डाव्या हातानं लेअप मारायचा, थंडीत कानटोपी घालून, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. आणि ज्या टीमकडे तो गेला त्यांचा पॉइंट गार्ड जूनमध्ये इंजिनिअरिंगला पुण्याला गेलाय.