विधानसभेचा उमेदवारी अर्ज : पात्रता, कागदपत्रं आणि सत्ताबदलापर्यंत लागणाऱ्या सह्या

आमच्या तालुक्यातल्या एका अपक्षाचा अर्ज छाननीत उडाला, तेव्हा तो भरायला मीच बसलो होतो. माणूस चांगला, गावोगाव ओळख, अनामत भरलेली, शपथपत्र व्यवस्थित. दहा सूचकांच्या, म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवणाऱ्या मतदारांच्या, सह्याही होत्या. त्यातला एक सूचक मात्र अशा वाडीचा निघाला, जी तालुक्यात आमच्या असली तरी मतदारसंघात शेजारच्या आहे. दहाचे नऊ झाले आणि अर्ज बाद. त्या दिवसापासून कोणी ‘यंदा विधानसभेला उभं राहायचं म्हणतो’ असं म्हणाला, की मी आधी मतदार यादी मागतो. बॅनरचं नंतर बघू.

महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागा आहेत. त्यातल्या २९ अनुसूचित जातींसाठी आणि २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव. अर्ज कुणाला भरता येतो, हे समजायला फार वेळ लागत नाही. भारताचं नागरिकत्व हवं, छाननीच्या दिवशी वयाची २५ वर्षं पूर्ण हवीत आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही एका विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव हवं. ज्या मतदारसंघातून लढायचं तिथलेच मतदार असायला हवं असं नाही. सोलापूरच्या यादीतला माणूस पुण्यातून लढू शकतो. फक्त आपलं नाव असलेल्या यादीच्या भागाची प्रमाणित प्रत त्याने अर्जासोबत किंवा फार तर छाननीच्या वेळी द्यायची. राखीव जागेसाठी त्या प्रवर्गाचं जात प्रमाणपत्र लागतं.

हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे दोन अपत्यांची अट. ती ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, पालिका यांच्यासाठी आहे, आमदारकीला नाही. शिक्षणाचीही अट नाही. झेडपीला उभं राहिलेल्यांचा इथे फार गोंधळ होतो, कारण तिथली कागदांची यादी वेगळी आणि निवडणूक घेणारा आयोगही वेगळा.

अपात्रता मात्र नीट तपासा. सरकारी नोकरीत असाल तर राजीनामा नुसता देऊन भागत नाही, तो मंजूर झालेला हवा. लाभाचं पद, राज्य सरकारशी स्वतःच्या नावावर चालू असलेला ठेका, न्यायालयाने दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा सुनावलेली असणं (सुटकेनंतरही सहा वर्षं मोजली जातात), यापैकी काहीही आड येऊ शकतं. भ्रष्टाचारावरून नोकरीतून बडतर्फ झालेल्यांना पाच वर्षं लढता येत नाही. आणि मागच्या निवडणुकीचा खर्च सादर केला नाही म्हणून आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलंय का, तेही बघा. मागे सहज म्हणून उभे राहिलेल्यांची नावं या यादीत बऱ्याचदा सापडतात.

सूचक : इथेच घात होतो

मान्यताप्राप्त (आयोगाने राष्ट्रीय किंवा राज्य पक्षाचा दर्जा दिलेल्या) पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला आणि नुसत्या नोंदणीकृत पक्षाच्या उमेदवाराला दहा लागतात. उमेदवार राज्यात कुठलाही मतदार चालतो, पण सूचक त्याच मतदारसंघाचा हवा. हा फरक लोकांच्या डोक्यात राहत नाही. म्हणून सूचकाच्या तोंडी माहितीवर जाऊ नका. ताजी यादी उघडा, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक स्वतः शोधून लिहा. पुरवणी यादीत नाव वगळलेलं नाही ना, तेही पाहा. नवं लग्न झालेल्या सुनेचं नाव कधीकधी अजून माहेरच्या यादीत असतं.

सूचक अंगठा देणारा असेल तर तो घरी बसून उमटवलेला चालत नाही. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर द्यावा लागतो. म्हाताऱ्या माणसाला तहसीलपर्यंत आणणं जमणार नसेल तर सही करणारा सूचक घ्या.

एका मतदारसंघात एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात आणि अनामत एकदाच भरावी लागते. म्हणजे दहा-दहा वेगळ्या सूचकांचे दोन संच भरून ठेवले की एक उडाला तरी दुसरा राहतो. त्या अपक्षाला मी हे तेव्हा सांगितलं असतं, तर बरं झालं असतं. दोनपेक्षा जास्त मतदारसंघांतून मात्र लढता येत नाही.

कागद कोणते, कधी द्यायचे

मुख्य अर्ज म्हणजे नमुना २ब. तो उमेदवाराने किंवा सूचकानेच नेऊन द्यायचा, भाचा-पुतण्या किंवा वकील चालत नाही. आयोगाच्या सुविधा पोर्टलवर अर्ज ऑनलाइन भरता येतो, पण त्याची छापील प्रत सही करून हातानेच द्यावी लागते. वेळ सकाळी ११ ते दुपारी ३, सुट्टीचा दिवस सोडून. २०२४ मध्ये अर्जाची मुदत २२ ते २९ ऑक्टोबर होती. शेवटच्या दिवशी नागपूर मध्यमध्ये माजी मंत्री अनीस अहमद यांची तीनची वेळ टळली आणि त्यांचा अर्ज भरायचाच राहिला. मंत्रिपद भूषवलेल्या माणसाची ही गत. कार्यालयाच्या १०० मीटरच्या आत तीनच गाड्या आणि दालनात उमेदवार धरून पाच माणसं, हा नियम असतो. मिरवणुकीत वेळ जातो तो इथेच.

अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. सवलत खुल्या जागेवरून लढतानाही मिळते, मात्र ओबीसींना ती नाही. रक्कम रोख किंवा कोषागारात भरून चलन जोडायचं, चेक घेत नाहीत. एकूण वैध मतांच्या एकषष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत तर डिपॉझिट जप्त. ‘नोटा’ची मतं या हिशोबात धरत नाहीत.

पक्षाचे उमेदवार असाल तर एबी फॉर्म. ए म्हणजे पक्षाने सहीचे अधिकार कुणाला दिले ते, आणि बी म्हणजे त्या अधिकाऱ्याने तुमचं नाव दिलं ते. दोन्ही शाईच्या सहीचे, मूळ प्रतीतच, शेवटच्या दिवशी तीनच्या आत पोचले पाहिजेत. फोटोकॉपी, स्कॅन काही चालत नाही. म्हणूनच २०२४ ला शेवटच्या दिवशी नाशिक जिल्ह्यातल्या दोन जागांसाठी एबी फॉर्म हवाई मार्गाने पाठवल्याच्या बातम्या झळकल्या. लोकांनी खिल्ली उडवली, पण व्हॉट्सअॅपवर आलेला एबी फॉर्म अधिकारी घेतच नाही, त्याला पर्याय काय? पक्षाने बी फॉर्मवर पर्यायी उमेदवाराचंही नाव दिलेलं असतं, त्यालाच आपण डमी म्हणतो. मुख्य उमेदवाराचा अर्ज वैध ठरला की एकाच सूचकावर भरलेला डमीचा अर्ज आपोआप बाद होतो.

दोन-तीन बारीक गोष्टी. निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडलेलं हवं. मतपत्रिकेसाठी २ बाय २.५ सेंटिमीटरचा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा, तीन महिन्यांच्या आत काढलेला फोटो. गॉगल, टोपी नको. आणि अर्ज दिल्यावर लगेच अधिकाऱ्यासमोर शपथ घ्या, ती छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत झाली पाहिजे. उद्या घेतो म्हणणाऱ्यांचे अर्ज शपथ राहिली म्हणून बाद झालेत. अधिकारी त्रुटींची तपासणी यादी आणि छाननीची वेळ लिहिलेली पोच देतो. ती यादी घरी जाऊन नव्हे, तिथेच उभं राहून वाचा.

नमुना २६ : शपथपत्र

याला एक अख्खी रात्र द्या. प्रथमवर्ग दंडाधिकारी किंवा नोटरीसमोर केलेलं, प्रत्येक पानावर तुमची सही आणि नोटरीचा शिक्का असलेलं हवं. पॅन, मागच्या पाच वर्षांच्या विवरणपत्रांतलं उत्पन्न, स्वतःचं, जोडीदाराचं, अवलंबितांचं. गुन्हे, चालू खटले, शिक्षण, समाजमाध्यमांवरची खाती. सातबारा, आठ-अ, घराचा उतारा, सोसायटीचं पीककर्ज, विम्याच्या पावत्या हे जोडायचं नसतं, पण समोर ठेवल्याशिवाय रकाने भरता येत नाहीत. सोन्याचं वजन आणि किंमत दोन्ही लिहायची. बायकोला विचारल्याशिवाय हा रकाना बरोबर भरलेला मी अजून पाहिलेला नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, एकही रकाना कोरा ठेवू नका. नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलंय की रकाने कोरे सोडले आणि अधिकाऱ्याने सांगूनही भरले नाहीत, तर अर्ज फेटाळता येतो. दुरुस्त शपथपत्र छाननी सुरू होईपर्यंतच देता येतं. खोटी माहिती हा वेगळा गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. गुन्हे दाखल असतील तर ते प्रचारकाळात तीनदा वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर जाहीर करावे लागतात.

छाननीला उमेदवार, त्याचा निवडणूक प्रतिनिधी, एक सूचक आणि लेखी अधिकार दिलेली आणखी एक व्यक्ती, एवढ्यांनाच प्रवेश. किरकोळ चुकीवरून अर्ज बाद करू नये असं कायदाच सांगतो. पण बाद झालाच, तर तेव्हा कोर्टात जाऊन निवडणूक थांबत नाही. निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका, हाच मार्ग.

माघार शेवटच्या दिवशी तीनपर्यंत, लेखी. घेतली की परत फिरवता येत नाही. ४ नोव्हेंबर २०२४ ला कोल्हापूर उत्तरमध्ये काँग्रेसच्या अधिकृत उमेदवार मधुरिमाराजे छत्रपतींनी शेवटच्या क्षणी माघार घेतली. हात चिन्ह मतपत्रिकेवरून गेलं आणि पक्षाला अपक्ष राजेश लाटकरांच्या मागे उभं राहावं लागलं.

निकालानंतरचे कागद

जिंकलात तर निवडणूक निर्णय अधिकारी निवडून आल्याचं प्रमाणपत्र देतो. ते सांभाळा, विधानभवनात लागतं. पण तेवढ्याने सभागृहात बसता येत नाही. हंगामी अध्यक्षांसमोर आमदारकीची शपथ घ्यावी लागते. शपथेविना बसून मत दिलं तर दिवसाला ५०० रुपये दंड, असं राज्यघटनेत आहे.

सरकार बनायला १४५ लागतात. पक्षाचे आमदार आपला गटनेता, म्हणजे विधिमंडळातला नेता, निवडतात, पाठिंब्याची पत्रं राजभवनावर जातात, राज्यपाल बोलावतात. पत्रावरच्या सह्या कशासाठी घेतल्या, हे इथेही सूचकाच्या सहीइतकंच महत्त्वाचं. २०१९ चा घोळ आठवा. भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली आणि २३ तारखेच्या सकाळी देवेंद्र फडणवीस व अजित पवारांचा शपथविधी झाला. राज्यपालांकडे राष्ट्रवादीच्या ५४ आमदारांच्या सह्यांची यादी गेली होती. पक्षाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, की त्या सह्या गटनेता निवडीच्या होत्या, भाजपला पाठिंब्याच्या नव्हत्या. न्यायालयाने २६ तारखेला आदेश दिला : दुसऱ्या दिवशी बहुमत चाचणी, उघड मतदान, थेट प्रक्षेपण. चाचणीआधीच राजीनामे आले आणि २८ ला उद्धव ठाकरेंनी शिवाजी पार्कवर शपथ घेतली.

ते तेव्हा कुठल्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. मंत्री म्हणून शपथ घ्यायला आमदार असणं लागत नाही, फक्त सहा महिन्यांत व्हावं लागतं. मे २०२० मध्ये ते विधान परिषदेवर बिनविरोध गेले.

बहुमत राजभवनात नव्हे, सभागृहात मोजायचं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालापासून ठरलेलं आहे. २०२२ ला ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला. ३० जूनला एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले, ४ जुलैला १६४ विरुद्ध ९९ मतांनी जिंकले. पुढे ११ मे २०२३ च्या निकालात न्यायालयाने राज्यपालांचा चाचणीचा निर्णय चुकीचा ठरवला, पण राजीनामा आधीच दिलेला असल्याने जुनं सरकार परत आणता येणार नाही, असंही सांगितलं. माघारीच्या अर्जासारखंच झालं हे, सही केलीत की संपलं.

मंत्री किती करायचे यालाही मर्यादा आहे. सभागृहाच्या १५ टक्के, म्हणजे आपल्याकडे मुख्यमंत्र्यांसह ४३.

आता उमेदवाराचा निवडणूक खर्च. त्याची मर्यादा महाराष्ट्रात ४० लाख. हिशोब निकालापासून ३० दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा, पडलेल्यानेही आणि डिपॉझिट गेलेल्यानेही. २०२४ चा निकाल २३ नोव्हेंबरला लागला, खातेवाटप २१ डिसेंबरला जाहीर झालं. सगळा तालुका कुणाला कुठलं खातं मिळालं याची चर्चा करत होता. मी एका पडलेल्या उमेदवाराच्या ओसरीवर मंडपवाल्याची आणि चहावाल्याची बिलं तारखेवार लावत बसलो होतो, कारण मुदतीला दोन दिवस उरले होते.