स्वतंत्र संशोधकाला पेटंट विकायचं असेल तर: पात्रता, किंमत, कागदपत्रं आणि मालकी बदलाचा फॉर्म १६

पेटंट कार्यालय पेटंट देतं, त्याची किंमत ठरवत नाही. जमिनीला जसा रेडी रेकनर असतो तसा पेटंटला सरकारी दर नाही. किंमत बोलणीतच ठरते, आणि एकट्या संशोधकाला तिथे माघार घ्यावी लागते ती बहुतेकदा कल्पना कमी पडते म्हणून नाही, तर कागद अपुरे असतात म्हणून. त्यामुळे आधी कागद आणि मग किंमत, असाच क्रम ठेवावा. खालची माहिती पेटंट कायदा, १९७० नुसार भारतात मिळालेल्या पेटंटची आहे. मुद्रांक शुल्काचा भाग महाराष्ट्रापुरता आहे.

विकण्याचा हक्क कोणाला

पेटंटच्या नोंदवहीत पेटंटधारक म्हणून ज्याचं नाव आहे, त्याला. दोन नावं असतील तर कलम ५० बघा. प्रत्येक सहमालक स्वतः ती वस्तू बनवून विकू शकतो आणि त्याचा हिशोब दुसऱ्याला देणं त्याच्यावर बंधनकारक नसतं. पण लायसन्स द्यायचं किंवा आपला हिस्सा विकायचा तर दुसऱ्याची संमती लागते. अर्ज करताना मदत केली म्हणून मित्राचं नाव अर्जदारात घातलेलं असतं, पुढे संबंध बिघडतात आणि ऐन सौद्याच्या वेळी सही मिळत नाही. असं नाव असेल तर गिऱ्हाईक शोधण्याआधी लेखी संमती किंवा त्याचा हिस्सा आपल्या नावावर करून घ्या.

नोकरी सांभाळून शोध लावला असेल तर नेमणूकपत्र काढून वाचा. शोधावरचे हक्क कंपनीचे, असं कलम त्यात असू शकतं. तसं असेल किंवा कॉलेजची प्रयोगशाळा, निधी वापरला असेल, तर त्या संस्थेचं ना-हरकत पत्र लेटरहेडवर, अर्ज क्रमांकासह घ्या. खरेदीदाराचा वकील हे हमखास मागतो.

पेटंट जिवंत आहे ना, हे त्यानंतर तपासा. मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, पण दर वर्षी शुल्क भरलं तरच. व्यक्तीसाठी ऑनलाइन दर असे: ३ ते ६ व्या वर्षी ८०० रुपये, ७ ते १० साठी २४००, ११ ते १५ साठी ४८०० आणि १६ ते २० साठी ८०००, सगळे प्रतिवर्षी. सगळ्यात जास्त चूक होते ती पहिल्याच हप्त्याला. पेटंट पाचव्या वर्षी मंजूर झालं तर तिसऱ्या वर्षापासूनचं साचलेलं शुल्क मंजुरीची नोंद झाल्यापासून तीन महिन्यांत भरायचं असतं. फॉर्म ४ ने आणखी सहा महिने मिळतात. तेही गेले तर पेटंट रद्दबातल होतं आणि रद्दबातल झाल्याच्या तारखेपासून १८ महिन्यांच्या आत फॉर्म १५ देऊन, शुल्क का राहिलं ते पुराव्यासह सांगून ते पुनरुज्जीवित करावं लागतं. रद्दबातल पेटंट विकायला काढू नका.

किंमत कशी काढायची

खर्चाची पद्धत, म्हणजे प्रोटोटाइपला इतके आणि एजंटला इतके, संशोधकाला जवळची वाटते. खरेदीदाराला मात्र तुमचा खर्च किती झाला याच्याशी कर्तव्य नसतं. बाजारात तशाच पेटंटचे झालेले सौदे शोधावेत तर त्यांचे आकडे सहसा बाहेर येत नाहीत. उरते ती रॉयल्टीवर आधारित पद्धत: हे पेटंट विकत न घेता भाड्याने घेतलं असतं तर खरेदीदाराने किती रॉयल्टी दिली असती, तिची आजची किंमत.

समजा फवारणी पंपाच्या नोझलचं पेटंट आहे. कारखाना वर्षाला ५००० नग विकेल, कारखान्याबाहेरचा भाव ८०० रुपये. उलाढाल ४० लाख. रॉयल्टी ४ टक्के धरली तर वर्षाला १.६ लाख. पेटंटची ११ वर्षं शिल्लक आहेत, पण असं नोझल बाजारात सात वर्षं टिकेल असं धरू. पुढच्या पैशाची जोखीम म्हणून वर्षाला २५ टक्के वटाव (पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढताना केलेली कपात) धरला तर सात वर्षांच्या रॉयल्टीची आजची किंमत येते सुमारे ५.०६ लाख. खरेदीदार म्हणाला की जोखीम ३५ टक्क्यांची आहे, तर तोच आकडा सुमारे ४ लाखांवर येतो. त्यामुळे घासाघीस किमतीवर करण्यापेक्षा या तीन आकड्यांवर करा: नग, रॉयल्टीचा टक्का आणि वटाव. तुमच्याकडे विक्रीच्या पावत्या किंवा मागणीची पत्रं असतील तर जोखीम कमी असल्याचा तो पुरावा होतो.

टक्का कशावर, हा प्रश्न टक्क्याइतकाच मोठा आहे. नोझल ८०० चं आणि अख्खा पंप ३५०० चा. ४ टक्के म्हणजे एका ठिकाणी ३२ रुपये, दुसरीकडे १४०. गिऱ्हाईक नोझलमुळेच पंप घेतं हे दाखवता आलं तरच पंपाच्या भावावर बोला, नाहीतर बोलणी तिथेच तुटते. टक्क्यांचा अंदाज यावा म्हणून एक जाहीर आकडा: २०१२ मध्ये पेटंट कार्यालयाच्या कंट्रोलरने मुंबईतून नॅटको कंपनीला बायरच्या कर्करोगाच्या औषधासाठी सक्तीचा (मालकाच्या संमतीशिवाय दिलेला) परवाना दिला तेव्हा रॉयल्टी ६ टक्के ठरवली होती, अपिलात ती ७ टक्के झाली. ते औषधाचं प्रकरण होतं, यंत्राच्या सुट्या भागाला तोच टक्का लावता येत नाही.

पेटंटचा तपशील सगळ्यांना वाचायला खुला असतो. खरेदीदाराकडे नसतं ते तुमचं कसब: डायची ड्रॉइंग, मालाचा ग्रेड, चाचण्यांची नोंद, कुठला भाग कुठे झिजतो याची माहिती. हे पेटंटसोबत फुकट देऊ नका, करारात त्याची वेगळी किंमत आणि शिकवण्याचे दिवस लिहा.

नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल रोखीच्या साध्या विक्रीला सक्तीचा नाही. पेटंटच्या बदल्यात कंपनी शेअर देणार असेल तर तो लागतो. ‘आधी मूल्यांकन शुल्क भरा, मग परदेशी खरेदीदार आणतो’ असं म्हणणाऱ्या मध्यस्थाला पैसे देऊ नका. दलाली सौदा झाल्यावर, ठरलेल्या टक्क्याने.

आणि खरेदीदार विचारणारच, म्हणून हेही तयार ठेवा. मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून वर्षभर कोणीही हितसंबंधित विरोध दाखल करू शकतो. ते वर्ष उलटलेलं पेटंट जास्त भावाने जातं. शिवाय कलम १३(४) प्रमाणे कार्यालयाची तपासणी ही पेटंट टिकेलच याची हमी नाही. म्हणून ‘हे पेटंट कधीही रद्द होणार नाही’ अशी हमी करारात लिहून देऊ नका. ‘माझ्या माहितीप्रमाणे कोणताही वाद प्रलंबित नाही’ इतकंच लिहा. फॉर्म २७, म्हणजे पेटंटच्या वापराचं विवरण, आता तीन आर्थिक वर्षांतून एकदा द्यावं लागतं. तो बाकी असेल तर आधी भरा.

करारनामा

तोंडी सौदा कलम ६८ नुसार वैध नाही. करार लेखी हवा आणि सगळ्या अटी त्याच कागदात हव्यात. त्यात पेटंट क्रमांक, अर्ज क्रमांक, तारीख आणि शीर्षक नोंदवहीत आहे तसं अक्षरशः उतरवा. मोबदला कधी, कसा; पूर्वीच्या उल्लंघनाबद्दल दावा करण्याचा हक्क कोणाकडे; नंतर तुम्ही केलेल्या सुधारणा कोणाच्या, हे लिहा. लायसन्स करारात, परवानाधारकाने केलेल्या सुधारणांचे हक्क फक्त तुमच्याकडेच येतील अशी एकतर्फी अट कलम १४० मुळे अवैध ठरू शकते.

मोबदला हप्त्यांत असेल तर हप्ता चुकल्यास पेटंट परत येण्याची अट घाला. एकरकमी विक्रीपेक्षा किमान वार्षिक रॉयल्टी असलेलं एकमेव लायसन्स आणि दोन-तीन वर्षांनी ठरलेल्या किमतीत खरेदीचा पर्याय, ही रचना बहुतेक एकट्या संशोधकांना आमच्या मते जास्त सोयीची. किमान रॉयल्टी मात्र हवीच. ती नसेल तर कंपनी लायसन्स घेऊन ते कपाटात ठेवू शकते.

मुद्रांक शुल्क सही करण्यापूर्वी, सहीच्या दिवशी किंवा पुढच्या कामाच्या दिवशी भरायचं. पेटंट ही जंगम मालमत्ता धरली जाते, महाराष्ट्रात जंगम मालमत्तेच्या अभिहस्तांतरणाला (मालकी दुसऱ्याच्या नावे करण्याला) ३ टक्के दर आहे. शंका असेल तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून मुद्रांक कायद्याच्या कलम ३१ खाली अभिनिर्णय, म्हणजे किती शुल्क लागतं याचा निर्णय, घ्या. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर उरकलेला करार न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही आणि महिन्याला २ टक्के दंड चढतो. दुय्यम निबंधकाकडची नोंदणी सक्तीची नाही.

नोंदवहीत नाव बदलणं

मंजूर पेटंटसाठी पेटंट कार्यालयाचा फॉर्म १६ (पगारदारांचा आयकराचा फॉर्म १६ नव्हे). व्यक्तीला, स्टार्टअपला ऑनलाइन शुल्क प्रति पेटंट १६०० रुपये, मोठ्या कंपनीला ८०००. अर्ज खरेदीदार करतो, पण विक्रेताही करू शकतो. सोबत लागतं:
- मुद्रांकित करारनाम्याची प्रमाणित सत्यप्रत, मूळ प्रत दाखवायला तयार
- सहमालक असल्यास त्याची संमती
- एजंटमार्फत असल्यास फॉर्म २६ चं मुखत्यारपत्र
- कंपनीच्या वतीने सही करणाऱ्याला अधिकार देणारा ठराव

महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबईच्या कार्यालयाच्या कक्षेत येतात. अर्ज अडकतो तो नावातल्या फरकामुळे: नोंदवहीत आद्याक्षरं, करारात पूर्ण नाव. फरक असेल तर प्रतिज्ञापत्र जोडा. नोंद न झालेला करार मालकीचा पुरावा म्हणून सहसा स्वीकारला जात नाही, म्हणून खरेदीदार शेवटचा हप्ता नोंदीनंतर देतो. तसं असेल तर ती रक्कम तिसऱ्या विश्वासू व्यक्तीच्या खात्यात आधीच ठेवून घ्या. लायसन्सच्या अटी गोपनीय ठेवण्याची विनंती करता येते, विक्रीच्या कराराला ती सोय नाही.

पेटंट अजून मंजूर नसेल तर फॉर्म १६ नाही, फॉर्म ६. व्यक्तीला ८०० रुपये. अशा सौद्यात काही रक्कम आता, बाकी मंजुरीनंतर ठेवा, कारण तपासणीत पेटंटमधले दावे, म्हणजे नेमका कशावर हक्क मागितला आहे तो भाग, आखूड होऊ शकतात.

कर

एकरकमी विक्रीवर, तुमचा तो व्यवसाय नसेल तर, भांडवली नफ्याचा कर लागतो. स्वतः लावलेल्या शोधाची खरेदी किंमत शून्य धरतात, त्यामुळे जवळजवळ पूर्ण रक्कम नफा ठरते. दीर्घकालीन असल्यास दर १२.५ टक्के. रॉयल्टीवर कंपनी १० टक्के टीडीएस कापते. भारतात विकसित झालेल्या पेटंटच्या मूळ संशोधकाला रॉयल्टीवर १० टक्के सवलतीच्या दराचा पर्याय आहे, पण त्यात खर्चाची वजावट नाही. एकूण उत्पन्न कमी असेल तर आयकराचे साधे टप्पेच स्वस्त पडतात. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, सीएकडून ते जुळवून घ्या. पेटंटच्या कायम हस्तांतरणाला जीएसटी लागू झाला तर दर १८ टक्के आहे, म्हणून करारात ‘जीएसटी मोबदल्याव्यतिरिक्त’ हे शब्द लिहायला विसरू नका.

नोंद झाली की ई-रजिस्टर उघडून नवं नाव, पत्ता आणि पुढच्या शुल्काची तारीख तपासा आणि त्या पानाची छापील प्रत करारासोबत ठेवा. संशोधक म्हणून तुमचं नाव विक्रीनंतरही पेटंटवर राहतं.