सिबिलमधली चूक आणि वहीचा मालक

कोल्हापुरात ‘सिबिल’ हे आता कुणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या कंपनीचं नाव राहिलेलं नाही. राजारामपुरीतल्या बँकेत, उद्यमनगरातल्या कारखानदाराच्या टेबलावर, दुचाकीच्या शोरूममध्ये हा शब्द तब्येतीसारखा वापरतात. कुणाचं सिबिल खराब असतं, कुणाचं सुधारतंय, कुणाचं ठणठणीत. ते चुकीचंही असू शकतं, हे मात्र बहुतेकांना कळतं ते कर्ज नाकारलं गेल्यावर. कधी फेडून झालेलं सोनेतारण चालू दिसतं, तर कधी गावातल्या दुसऱ्याच पाटलांचं ट्रॅक्टरचं कर्ज आपल्या नावावर. बँकेत गेलं की म्हणतात सिबिलला लिहा, सिबिलला लिहिलं की उत्तर येतं बँकेकडून खात्री करून घेतोय. या टोलवाटोलवीचा राग काउंटरवरच्या माणसावर निघतो. तिचं मूळ मात्र कायद्याच्या रचनेतच आहे, आणि ते समजायला सावकाराच्या वहीपर्यंत मागं जावं लागतं.

१२ मे १८७५ रोजी सुप्याला दंगा झाला. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या त्या उठावात शेतकऱ्यांचा रोख सावकारापेक्षा त्याच्या कागदांवर जास्त होता. कर्जखतं आणि वह्या हिसकावून जाळल्या गेल्या. वहीत काय लिहिलंय ते कुळाला वाचता येत नव्हतं, आणि कोर्ट त्या वहीवरच हुकूमनामा देत होतं. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. दिलेल्या पैशाची लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क त्यानं शेतकऱ्याला दिला. आपल्याबद्दल दुसऱ्यानं लिहिलेली नोंद आपल्याला बघायला मिळावी, ही मागणी इकडं इतकी जुनी आहे.

तो कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. कोल्हापूर संस्थान, म्हणून बाहेर. वारणेपलीकडे, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, शेतकरी पासबुक मागू शकत होता. नदीच्या अलीकडे त्याच जातीच्या उसाचा गूळ अडत्याकडे घालणारा माणूस उचल किती, कपात किती, बाकी किती हे पट्टीवर लिहिलेलं खरं मानून घरी जायचा.

पुढं १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. तिथला सावकारी कायदा १९४६ चा. त्यातली एक तरतूद मला आजही फार शहाणपणाची वाटते. सावकारानं हिशेब पाठवला आणि ऋणको गप्प बसला, तर त्या गप्प बसण्याचा अर्थ ‘हिशेब मान्य’ असा धरायचा नाही. आजचा सिबिलचा अहवाल नेमका उलटा चालतो. तुम्ही हरकत घेत नाही तोवर त्यातली प्रत्येक ओळ खरी.

विलीनीकरणाआधी संस्थानाच्या बाजूनं सावकारीला उत्तर निघालं ते सहकाराचं. शाहू महाराजांच्या काळात १९१२ मध्ये सहकारी कायदा झाला आणि १९१३ मध्ये कोल्हापूर अर्बन बँक उभी राहिली. या जुन्या पद्धतीत कुणाची पत किती याची माहिती कागदावर कमी आणि माणसात जास्त होती. संचालकांपैकी कुणीतरी अर्जदाराला ओळखायचं, दोन जामीनदार सही करायचे, काम व्हायचं. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. ज्याला कुणी ओळखत नव्हतं, किंवा जो चुकीच्या गटाचा होता, त्याची पत शून्य, आणि त्यावर दाद मागायला खिडकीच नव्हती. पण चूक झालीच तर ती करणारा माणूस पेठेतच भेटायचा, हेही खरं.

मोठ्या बँकांची अडचण वेगळी होती. ग्राहकाची माहिती बाहेर सांगायची नाही, हा त्यांचा धर्म. त्यामुळं एका बँकेला बुडवून दुसरीच्या दारात उभं राहणं सोपं होतं. थकीत कर्जांनी नव्वदच्या दशकात बँका बेजार झाल्या. १९९९ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या एका कार्यगटानं पतमाहिती संस्थेची शिफारस केली, २००० मध्ये सिबिल स्थापन झाली आणि २००४ पासून व्यक्तींच्या कर्जांची माहिती देऊ लागली. तोवर कर्जदाराची संमती घेऊनच माहिती पुढं देता येत होती. ही अट संपवण्यासाठी पतमाहिती कंपन्यांचा २००५ चा कायदा आला. १४ डिसेंबर २००६ ला तो लागू झाला. पुढं इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि क्रिफ हाय मार्क या तीन कंपन्यांना परवाने मिळाले. म्हणजे वह्या चार. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं प्रत्येक बँकेला चारही कंपन्यांचं सभासद व्हायला लावलं. साहजिकच एक चूकही चार ठिकाणी पोचू लागली.

या कायद्याचं २१ वं कलम सगळ्या भांडणाचं केंद्र आहे. कर्जासाठी अर्ज करणाऱ्या माणसाला अहवालाची प्रत मागता येते, माहिती दुरुस्त करण्याची विनंती करता येते, आणि ३० दिवसांत त्यावर पावलं उचलली गेली पाहिजेत. इथवर छान. पण लगेच परंतुक, म्हणजे अट, येतं. ज्या संस्थेनं कर्ज दिलं तिनं दुरुस्ती बरोबर असल्याचं प्रमाणित केल्याशिवाय पतमाहिती कंपनीनं नोंद बदलायची नाही. यामागचं कारण रास्त आहे. तसं नसतं तर प्रत्येक थकबाकीदारानं नुसतं पत्र लिहून थकबाकी पुसून घेतली असती. पण परिणाम असा झाला, की तक्रार ज्याच्याविरुद्ध, निवाडाही त्याच्याच हातात. वही मुंबईत गेली, ती दिसायला लागली, तिच्यावर हरकतही घेता येऊ लागली. लेखणी मात्र सावकाराच्याच बोटांत राहिली.

अमेरिकेनं अशा अहवालांवर पहिला मोठा कायदा केला, त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली २६ ऑक्टोबर १९७० ला. आपल्याकडं तक्रार मिटवायला उशीर झाला तर द्यायच्या भरपाईचं परिपत्रक निघालं २६ ऑक्टोबर २०२३ ला. तारखेचा निव्वळ योगायोग, पण मधली ५३ वर्षं बोलकी आहेत.

त्या भरपाईआधीच्या पायऱ्या भराभर सांगतो. २०११ पासून सिबिलचा ३०० ते ९०० मधला स्कोअर सामान्य माणसाला मिळू लागला. २०१७ पासून प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट. १ सप्टेंबर २०२२ पासून या कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेत आल्या. आणि २६ एप्रिल २०२४ पासून तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये तक्रारदाराला. बँकेनं २१ दिवसांत दुरुस्त माहिती पाठवली नसेल तर पैसे तिनं द्यायचे. तिनं वेळेत पाठवूनही काम अडलं तर पतमाहिती कंपनीनं. टोलवाटोलवीला पहिल्यांदाच दर लागला. मात्र ही भरपाई उशिरासाठी आहे, चुकीसाठी नाही. दुसऱ्याच्या थकबाकीपायी घराचं कर्ज हुकलं, तरी तक्रार तिसाव्या दिवशी मिटली असेल तर या तरतुदीतून हाती एक रुपयाही येत नाही.

चुका होतात कशा, याला मात्र इथली मातीही थोडी कारण आहे. नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ता, फोन जुळवून खाती एका माणसाच्या अहवालात गोळा केली जातात. एकाच गावात एकाच नावाचे चार पाटील, चौघांचाही पत्ता ‘मु. पो. अमुक, ता. करवीर’, घर नंबर लिहायची पद्धत नाही. चौगुले हे आडनाव इंग्रजीत एका बँकेत एका तऱ्हेनं लिहिलेलं, दुसरीत दुसऱ्या. जुन्या खात्याला पॅन जोडलेला नाही. यंत्रानं एकाचं कर्ज दुसऱ्याच्या गळ्यात घातलं, तर नवल ते काय.

काही गाऱ्हाणी मात्र चुकीची नसतातच. मेव्हण्याला जामीन राहिलात आणि त्यानं हप्ते थकवले, तर ते कर्ज तुमच्या अहवालातही दिसणार. सही तुमचीच आहे. एकरकमी परतफेडीत काही रक्कम सोडून देऊन खातं मिटलं, बँकेनं बेबाकी दाखलाही दिला, माणूस सुटलो म्हणून अंबाबाईला जाऊन आला. अहवालात त्या खात्यापुढं ‘सेटल्ड’ दिसतं, ‘क्लोज्ड’ नाही. दाखला खरा आणि नोंदही खरी. अशी तक्रार फेटाळली जाते, आणि माणसाला वाटतं आपल्याला फसवलं.

पतसंस्थांची गोष्ट याच्या उलटी. त्या बँका नव्हेत, सहकार खात्याच्या अखत्यारीत चालतात, आणि त्यांची कर्जं साधारणपणे या चार वह्यांत उतरतच नाहीत. वीस वर्षं पतसंस्थेचा हप्ता न चुकवणाऱ्याचा अहवाल म्हणून कोरा निघतो. यात दुरुस्त काय करणार? चुकीची ओळ खोडता येते, कधी लिहिलीच नाही ती कशी खोडणार.

१ जानेवारी २०२५ पासून बँकांनी महिन्याऐवजी दर पंधरा दिवसांनी माहिती पाठवायची, असा नियम झाला, त्यामुळं फिटलेलं कर्ज चालू दिसण्याचा काळ निम्म्यावर यायला हवा. एक गाठ तशीच आहे. दुरुस्ती प्रमाणित करायला कर्ज देणारी संस्था हवी. बँक दुसरीत विलीन झाली तर निदान नव्या बँकेचं दार ठोठावता येतं. परवानाच रद्द झाला, तर जुन्या खात्याची कागदपत्रं बँक गुंडाळायला नेमलेल्या अवसायकाच्या कार्यालयात असतात, आणि तिथं आधीच ठेवीदारांची रांग लागलेली असते.