दुसरीतलं मूल, चौथीचं गणित

कोकणातल्या वाड्यावाड्यांवर अजून द्विशिक्षकी शाळा आहेत. दोन शिक्षक, एकेका खोलीत दोन-तीन इयत्ता. कमी पटामुळे या शाळांबद्दल बोलणं होतं ते काळजीनेच. पण असामान्य बुद्धीच्या मुलाला जे लागतं, ते इथे शहरातल्या मोठ्या शाळेपेक्षा सहज देता येतं, असं आमचं ठाम मत आहे. दुसरीतल्या मुलीला चौथीचं गणित जमत असेल, तर गणिताच्या तासाला तिने फक्त जागा बदलायची. हजेरीपटावर ती दुसरीतच राहते आणि बाकीचे विषय बरोबरीच्या मुलांसोबत शिकते.

बुद्ध्यंकाची सरासरी १०० धरतात आणि १३० च्या वर शंभरात साधारण दोन मुलं असतात. म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, म्हणजे केंद्रात, चारशेचा पट असेल तर अशी आठ-नऊ मुलं असू शकतात. मात्र या आकड्यावर सगळं सोडू नये. लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये अमेरिकेत हुशार मुलांचा मोठा अभ्यास सुरू केला. त्याच्या चाचणीत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुलं मागे पडली. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. घरी मालवणी बोलणाऱ्या मुलाची शब्दसंपत्ती प्रमाण मराठीत मोजली, तर आकडा आणखी फसवा येतो. अशा मुलासाठी रेव्हनच्या आकृतिबंधांसारखी, भाषेवर न बेतलेली चाचणी बरी.

वर्गाच्या चाचणीत २० पैकी २० पडले, तर मुलाला तेवढंच येतं की त्याच्या कितीतरी पुढचं, हे कळत नाही. मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅन्ली यांनी गणितात तल्लख मुलांसाठी १९७१ मध्ये सुरू केलेल्या कामात यावर साधा मार्ग काढला : मुलाला वरच्या वयाची परीक्षा द्यायची. हे घरीही करता येतं. दोन इयत्ता पुढचा जुना सहामाहीचा पेपर घ्या, वेळेची अट ठेवू नका आणि वाचायला अडलं तर प्रश्न वाचून दाखवा. न शिकवता निम्म्याहून जास्त जमलं, तर तो कागद तारीख घालून जपून ठेवा.

पुढची पायरी शिक्षकांची. नवा धडा सुरू करताना उदाहरणसंग्रहातली सर्वांत अवघड पाच गणितं आधी द्यावीत. चार बरोबर आली की त्या धड्याचा सराव संपला. घोटाळा होतो तो यानंतर. वाचलेल्या वेळात आणखी तीस तशीच गणितं मिळाली, तर पटकन काम उरकणं ही शिक्षा आहे हे मूल दोन आठवड्यांत ओळखतं आणि मुद्दाम रेंगाळू लागतं. रोज इतरांना शिकवायला बसवणं हाही त्याच्या शिक्षणाचा वेळ खर्च करणंच आहे.

त्या वेळात खोल जाणारं काम हवं, आणि किनाऱ्यावर त्याची वाण नाही. ‘भरती रोज उशिरा कित्याक येता?’ या एका प्रश्नावर महिनाभर काम होतं. दहा-दहा सेंटिमीटरवर खुणा केलेली काठी जेटीच्या खांबाला बांधायची, मोठं माणूस सोबत ठेवायचं आणि पंधरा दिवस दिवसाच्या भरतीची वेळ टिपायची. टोकाला पाणी बराच वेळ थबकल्यासारखं दिसतं. नुसत्या नजरेने वेळ ठरवली, तर दहा-वीस मिनिटांची चूक सहज होते. म्हणून चढताना आणि उतरताना पाणी एकाच खुणेवर कधी होतं ते लिहून दोन्हींचा मध्य काढायचा. मग जुना आडाखा तपासायचा : तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तीस तिथींत वेळ चोवीस तास सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. पाऊणपटीने मात्र ४५ च धरली जातात. पौर्णिमेपर्यंत ही तूट पाऊण तासाची होते. हा फरक मुलाला स्वतः सापडू द्यावा. उधाणाच्या सुमारास वेळ रोज कमी सरकते आणि भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या कमी भरतीच्या दिवसांत जास्त. वेंगुर्ल्याला भरती मुंबईच्या आधी येते. ही कोडी आठवीतल्या मुलालाही पुरून उरतील.

अशी मुलं सगळ्या बाजूंनी सारखी वाढत नाहीत. विचार बारा वर्षांच्या मुलासारखा, अक्षर आठ वर्षांच्या मुलाचं आणि खेळात हरल्यावरचं रडणं सहा वर्षांच्या मुलाचं, हे एकाच मुलात दिसतं. तोंडी उत्तरं चोख, पण जोडाक्षरं सतत चुकतात आणि वाचन अडखळतं, असं असेल तर वाचनदोषाची तपासणी करून घ्यावी. हुशारीमुळे तो बरीच वर्षं झाकून राहतो. ‘किती हुशार गो!’ हे कौतुकही जपून करावं. म्युलर आणि ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत बुद्धीची वाहवा झालेली मुलं एका अपयशानंतर लवकर कच खाऊ लागली. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं चिकटून राहिली.

बाईंकडे किंवा गुरुजींकडे जाताना ‘आमचं मूल कंटाळतं’ हे वाक्य घरी ठेवा, तो तारखेचा कागद न्या. मागणी एकच करा : एक विषय, सहा आठवडे, मग एकत्र बसून पाहू. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २४ नुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा अध्यापन देणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही विशेष प्रतिभेच्या मुलांचा स्वतंत्र उल्लेख आहे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे विषय तिथेही मांडता येतो. मात्र शिक्षकांशी बोलण्याआधी नको. प्राथमिक शाळा संपवून मूल मोठ्या शाळेत गेलं की पेपर, भरतीच्या नोंदी आणि कुठवर शिकून झालंय याची यादी जूनमध्येच नव्या वर्गशिक्षकांच्या हाती द्या. सहामाहीनंतर दिली, तर तोवर मूल शिकलेलंच पुन्हा गिरवत बसलेलं असतं.